घरातले सेल: आत काय घडते, कुठे कोणता घालावा आणि तो कसा जपावा

कॅमेऱ्याने किंवा मोटरवर चालणाऱ्या खेळण्याने ‘संपले’ म्हणून नाकारलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात घातले, तर ते घड्याळ बहुधा पुढे कित्येक महिने बिनतक्रार चालते. सेल खरोखरच रिकामे झाले असते, तर असे घडले नसते. सेल कधी संपणार हे जितके सेलवर अवलंबून असते, तितकेच ते उपकरण किती प्रवाह ओढते यावरही अवलंबून असते. ही एक गोष्ट नीट समजली, की कोणत्या उपकरणात कोणता सेल घालावा आणि पुन्हा भरता येणारे सेल कुठे उपयोगी पडतात, याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात. त्यासाठी आधी सेलच्या आत डोकावले पाहिजे.

सेलच्या आत

प्रत्येक सेलमध्ये इलेक्ट्रॉन सोडायला तयार असलेला एक पदार्थ असतो, ते घ्यायला तयार असलेला दुसरा पदार्थ असतो, आणि या दोघांच्या मधे आयनांना (विद्युतभार असलेल्या अणूंना) वाट देणारे पण इलेक्ट्रॉनांना अडवणारे विद्युत अपघटनी द्रावण असते. पहिला पदार्थ ऋण अग्राशी आणि दुसरा धन अग्राशी जोडलेला असतो. सेल नुसता पडून असताना इलेक्ट्रॉनांना पलीकडे जायला रस्ता नसल्यामुळे अभिक्रिया जवळजवळ थांबलेली असते. उपकरण सुरू केले की बाहेरच्या तारेतून तो रस्ता मिळतो. इलेक्ट्रॉन त्या वाटेने निघतात आणि जाता जाता दिवा उजळतात किंवा मोटर फिरवतात. त्याच वेळी आतल्या द्रावणातून आयन सरकून विद्युतभाराचा हिशेब जुळवत राहतात. थोडक्यात, सेलमध्ये साठवलेली असतात ती रसायने, आणि वीज मागणी येईल तशी तिथल्या तिथे तयार होते.

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून, एकावर एक रचल्या, तेव्हा याच तत्त्वाने प्रथमच सलग विद्युतप्रवाह मिळाला. त्या चकत्यांपैकी एक धातू जस्त होता, आणि आजच्या बहुतेक साध्या सेलांतही ऋण बाजूला जस्तच असते.

पदार्थांची जोडी कोणती आहे यावर सेलचे व्होल्टेज ठरते, त्याच्या आकारावर नाही. म्हणूनच टॉर्चचा जाडजूड सेल आणि रिमोटचा करंगळीएवढा सेल हे दोन्ही दीड व्होल्टचेच असतात. मोठ्या सेलात रसायन जास्त मावते, त्यामुळे तो अधिक काळ चालतो आणि एका वेळी अधिक प्रवाह देऊ शकतो, एवढाच फरक. जास्त व्होल्टेज हवे असेल तर सेल एकापुढे एक जोडावे लागतात. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या पोटात दीड व्होल्टचे सहा छोटे घट असेच ओळीने जोडलेले असतात.

एकदाच वापरायचे सेल

यांतला सर्वांत जुना प्रकार जस्त-कार्बनचा आहे. फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशे यांनी १८६६ मध्ये बनवलेल्या ओल्या घटाचा तो थेट वारस. पुढे १८८०च्या दशकात जर्मनीत कार्ल गासनर यांनी पातळ द्रावणाऐवजी ओलसर लगदा वापरून तो घट आडवा-उभा कसाही धरता येईल असा केला, आणि कोरडा सेल जन्माला आला. या सेलचा डबा जस्ताचाच असतो आणि तो डबाच ऋण अग्राचे काम करतो. मध्यभागी कार्बनची कांडी असते, तिच्याभोवती मँगेनीज डायऑक्साइड आणि कार्बनची काळी भुकटी ठासलेली असते, आणि अमोनिअम क्लोराइड किंवा झिंक क्लोराइडच्या द्रावणाने आतला भाग ओलसर राखलेला असतो. कार्बनची कांडी अभिक्रियेत भाग घेत नाही. ती केवळ प्रवाह वाहून नेते. खर्ची पडते ते जस्त, म्हणजे वापर होत जातो तशी डब्याची भिंतच आतून झिजत जाते. स्वस्त सेल संपता संपता पाझरू लागतात याचे हे एक मोठे कारण आहे.

अल्कलाइन सेलमध्येही जस्त आणि मँगेनीज डायऑक्साइड हीच जोडी असते, मात्र मांडणी उलटी केलेली असते. बाहेरचा डबा पोलादाचा असून तो धन अग्राशी जोडलेला असतो. त्याला आतून मँगेनीज डायऑक्साइड आणि ग्रॅफाइट यांच्या मिश्रणाचे कडे बसवलेले असते. मधे एक सच्छिद्र विभाजक असतो. आणि गाभ्यात पोटॅशिअम हायड्रॉक्साइडच्या दाट जेलमध्ये जस्ताची भुकटी कालवलेली असते. या भुकटीत पितळेचा एक बारीक खिळा रोवलेला असतो आणि तो खालच्या ऋण टोपीपर्यंत प्रवाह पोहोचवतो. भुकटीचे पृष्ठफळ सलग पत्र्याच्या कितीतरी पट असल्यामुळे अभिक्रिया एकाच वेळी असंख्य ठिकाणी चालू शकते, आणि पोटॅशिअम हायड्रॉक्साइडमधून आयनही झटपट सरकतात. त्यामुळे तेवढ्याच आकाराचा अल्कलाइन सेल जस्त-कार्बन सेलपेक्षा पुष्कळ जास्त चालतो, आणि उपकरण जितके खादाड तितका हा फरक वाढत जातो.

हे सेल पुन्हा का भरता येत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. वापरात जस्ताचे झिंक ऑक्साइड होते. उलट दिशेने प्रवाह ढकलला, तर त्यातले काही जस्त परत तयार होतेही, परंतु ते मूळच्या जागी मूळच्या रूपात बसत नाही; सुईसारख्या काटेरी फांद्यांच्या रूपात वाढून ते विभाजक भेदू शकते आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. शिवाय भरताना वायू तयार होतो आणि सीलबंद डब्यात त्याला जायला जागा नसते. दाब वाढत गेला की सेल गळतो, क्वचित फुटतो. साधा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालू नये, हा नियम यासाठी आहे. ती उत्पादकांची विक्री वाढवण्याची क्लृप्ती नव्हे.

लिथिअम हे नाव दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावले जाते, आणि घरात सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. पेन्सिल सेलच्या आकाराचा दीड व्होल्टचा ‘लिथिअम’ सेल हा लिथिअम धातू आणि आयर्न डायसल्फाइड यांचा असतो व तो एकदाच वापरायचा असतो. तो वजनाला हलका असतो, कडाक्याच्या थंडीतही काम करतो आणि क्वचितच गळतो. नाण्यासारखा चपटा तीन व्होल्टचा सेल लिथिअम आणि मँगेनीज डायऑक्साइड यांचा असतो, तोही न भरता येणारा. मोबाइलमधली लिथिअम-आयन बॅटरी मात्र भरता येते. सेलवर ‘रिचार्जेबल’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो भरता येत नाही असेच धरून चालावे.

सेलवरची अक्षरे दिसतात तितकी गूढ नसतात. नुसता ‘आर’ म्हणजे गोल आकाराचा जस्त-कार्बन सेल, ‘एलआर’ म्हणजे अल्कलाइन, ‘एफआर’ म्हणजे आयर्न डायसल्फाइडचा लिथिअम, ‘सीआर’ म्हणजे तीन व्होल्टचा लिथिअम, ‘एसआर’ म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड आणि ‘एचआर’ म्हणजे भरता येणारा निकेल-मेटल हायड्राइड. पुढचा ६ हा आकडा नेहमीच्या पेन्सिल सेलचा, तर ०३ हा त्याहून बारीक सेलचा. चपट्या सीआर२०३२ मध्ये २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. बटण सेलांपैकी एलआर४४ आणि एसआर४४ एकाच मापाचे असतात, पण सिल्व्हर ऑक्साइडचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहते. म्हणून अचूक मोजमाप करणाऱ्या उपकरणात एसआर सांगितला असेल, तर तोच घालणे योग्य.

पुन्हा भरता येणारे सेल

इथे युक्ती अशी असते, की वापरताना होणारी अभिक्रिया उलट प्रवाहाने जशीच्या तशी मागे फिरवता आली पाहिजे, आणि ती शेकडो वेळा. निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये धन बाजूला निकेलचे संयुग असते आणि ऋण बाजूला हायड्रोजन शोषून घेणारा मिश्रधातू. सेल वापरताना त्या मिश्रधातूतला हायड्रोजन बाहेर पडतो, भरताना तो परत आत शिरतो. धातूची चौकट मात्र जागची हलत नाही. याच्याआधीचा निकेल-कॅडमिअम प्रकार विषारी कॅडमिअममुळे घरगुती वापरातून बराचसा मागे पडला. ‘अर्धवट वापरून भरला की सेलला तीच सवय लागते’ ही समजूत मुख्यतः त्या जुन्या प्रकारातून आलेली आहे. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये हा परिणाम अगदी सौम्य असतो, आणि एक-दोनदा पूर्ण वापरून पुन्हा भरल्यावर तो बहुधा जातोही.

साध्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा मोठा दोष असा होता, की नुसत्या पडून राहण्याने ते महिनाभरात पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक रिकामे होत. २००५ च्या सुमारास आलेल्या, कमी आपोआप उतरणाऱ्या सेलांनी हा दोष बराच दूर केला; ते वर्षभर पडून राहिले तरी त्यांत सुमारे ७० ते ८५ टक्के भार शिल्लक राहतो. आज घरासाठी भरता येणारे सेल घेताना हाच प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वेष्टणावर ‘वापरण्यास तयार’ किंवा ‘आधीच भरलेले’ असे लिहिलेले असते, ती याची खूण. २५०० किंवा २७०० मिलिअँपिअर-तासांचा (म्हणजे सेलच्या क्षमतेचा) मोठा आकडा छापलेले सेल बरेचदा पटकन उतरणाऱ्या प्रकारातले असतात आणि कमी वेळा भरण्याइतकेच टिकतात. २००० च्या आसपासचा सेल दिसायला साधा, पण नित्याच्या वापरात तोच अधिक विश्वासू निघतो.

लिथिअम-आयन बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट आणि धन बाजूला लिथिअमयुक्त ऑक्साइडसारखे संयुग असते. लिथिअमचे आयन एका बाजूच्या थरांमधून निघून दुसऱ्या बाजूच्या थरांत जाऊन बसतात आणि भरताना परत येतात. ही बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली आणि तिच्या घडणीतील कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एका घटाचे व्होल्टेज सुमारे ३.७ असते आणि तो सहसा ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा असतो. त्यापुढे गेल्यास धोका असल्याने सोबत संरक्षक सर्किट असावेच लागते. पेन्सिल सेलच्या मापाचा ३.७ व्होल्टचा नुसता लिथिअम-आयन घटही मिळतो. तो दीड व्होल्टच्या सेलच्या जागी घातला, तर उपकरणाला जवळजवळ अडीच पट व्होल्टेज मिळते आणि ते जळू शकते. माप जुळले म्हणजे सेल चालेल, असे कधीही गृहीत धरू नये.

मिलिअँपिअर-तास आणि अंतर्गत रोध

सेलवर छापलेला मिलिअँपिअर-तासांचा आकडा भागाकारासाठी असतो. २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमधून उपकरण २० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर तो सुमारे १०० तास चालेल. भिंतीवरचे घड्याळ सरासरी ०.२ मिलिअँपिअर घेते असे धरले, तर उत्तर १०,००० तास येते, म्हणजे वर्षाहून अधिक. अल्कलाइन सेलवर हा आकडा बहुधा छापलेलाच नसतो, कारण तो प्रवाहानुसार फार बदलतो: मंद वापरात पेन्सिल आकाराचा अल्कलाइन सेल २००० ते ३००० मिलिअँपिअर-तास देतो, पण एक अँपिअरच्या जोरदार वापरात त्याच्या निम्मेसुद्धा देत नाही.

हे का होते? उत्तर अंतर्गत रोधात, म्हणजे सेल स्वतःच आतून प्रवाहाला जो अडथळा करतो त्यात, आहे. सेल म्हणजे अरुंद नळ लावलेली टाकी: पाणी भरपूर असले, तरी नळ देईल तेवढेच बाहेर येते. आता थोडे गणित करू. बराचसा वापरलेला अल्कलाइन सेल घ्या, ज्याचे मोकळे (काहीही न जोडता मोजलेले) व्होल्टेज १.३ आणि अंतर्गत रोध अर्धा ओहम आहे. कॅमेऱ्याने त्यातून एक अँपिअर ओढला, की अर्धा व्होल्ट आतच खर्च होतो आणि बाहेर ०.८ व्होल्ट उरतात. कॅमेरा बंद पडतो. तोच सेल घड्याळात घातला, तर ०.२ मिलिअँपिअरने होणारी घट एका व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते आणि घड्याळाला जवळपास सगळेच्या सगळे १.३ व्होल्ट मिळतात. लेखाच्या आरंभीचे कोडे एवढ्यात सुटते.

निकेल-मेटल हायड्राइड सेलचा अंतर्गत रोध चांगल्या अवस्थेत ओहमच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो. ०.०३ ओहम धरला, तर एक अँपिअर ओढूनही केवळ ०.०३ व्होल्ट कमी होतात. या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेले पाहून ‘हा कमजोर असणार’ असे अनेकांना वाटते; वास्तविक अल्कलाइन सेल दीड व्होल्टपासून सुरू होऊन हळूहळू घसरत जातो आणि आयुष्याच्या उत्तरार्धात प्रवाह देताना बराच काळ १.२ च्या खालीच असतो, तर निकेल-मेटल हायड्राइड जवळजवळ शेवटपर्यंत १.२ ला चिकटून राहतो. नीट बनवलेले उपकरण प्रत्येक सेलमागे एक व्होल्टच्या आसपासपर्यंत चालेल असेच आखलेले असते. अपवाद आहेत, पण ते थोडे.

कुठे कोणता सेल

फ्लॅश असलेला कॅमेरा, मोटरची खेळणी, गेम खेळण्याचे रिमोट, प्रखर टॉर्च, बिनतारी मायक्रोफोन अशी खादाड आणि वारंवार वापरली जाणारी उपकरणे निकेल-मेटल हायड्राइडसाठीच आहेत. तिथे ते अल्कलाइनपेक्षा एका भरण्यात जास्त वेळ चालतात आणि शेकडो वेळा भरता येत असल्यामुळे त्यांची किंमत लवकर वसूल होते. उलट भिंतीवरचे घड्याळ वर्षातून एकदा सेल मागते. त्यासाठी महागडा भरता येणारा सेल घालणे म्हणजे त्याला वर्षभर बसवून ठेवणे होय. घड्याळ, टीव्हीचा रिमोट, तापमापक अशा मिताहारी उपकरणांत अल्कलाइन सेल उत्तम. जस्त-कार्बन सेलही घड्याळ चालवतो, पण ज्या वस्तूत सेल दीर्घकाळ विसरला जाणार, त्यात मी तो घालणार नाही. गळून बिघडलेले उपकरण सेलमधल्या बचतीपेक्षा महाग पडते.

अडीअडचणीसाठी ठेवलेल्या टॉर्चचा प्रश्न वेगळा आहे. ती वापरली जात नाही, पण हवी त्या क्षणी चालली पाहिजे. तिच्यात दीड व्होल्टचे लिथिअम सेल घालावेत, किंवा अल्कलाइन सेल टॉर्चच्या शेजारी वेगळे ठेवावेत. धुराची सूचना देणाऱ्या यंत्रात मात्र उत्पादकाने सांगितलेलाच प्रकार घालावा. अलीकडे पेन्सिल आकाराचे दीड व्होल्टचे लिथिअम-आयन सेल मिळतात. त्यांच्यात व्होल्टेज उतरवणारे छोटे सर्किट असते, त्यामुळे ते अखेरपर्यंत नेमके दीड व्होल्ट देतात आणि मग अचानक बंद होतात. खेळण्यात याने काही बिघडत नाही. पण व्होल्टेज घसरल्यावरून ‘सेल बदला’ असा इशारा देणाऱ्या यंत्राला ती संधीच मिळत नाही.

एकत्र घालताना

एकाच उपकरणात जुना-नवा, अल्कलाइन-भरता येणारा, किंवा वेगवेगळ्या क्षमतेचे सेल मिसळू नयेत. ओळीने जोडलेल्या सेलांतून एकसारखाच प्रवाह वाहतो. त्यातला दुबळा सेल आधी रिकामा होतो, पण बाकीचे थांबत नाहीत. ते आपला प्रवाह त्या रिकाम्या सेलमधून रेटत राहतात आणि त्याचे व्होल्टेज शून्याखाली, म्हणजे उलटे होते. भरता येणारा सेल अशा उलटण्याने कायमचा दुखावतो, अल्कलाइन सेल त्याने वायू सोडून गळतो. चार सेलांचा संच एकत्र घ्यावा, एकत्र वापरावा, एकत्र भरावा; सेलांवर मार्करने अ, ब अशा खुणा केल्या की संच ओळखू येतात.

भरण्याची रीत

निकेल-मेटल हायड्राइड सेल भरला जात असताना त्याचे व्होल्टेज हळूहळू चढते, आणि तो पूर्ण भरल्यावर आणखी दिलेली ऊर्जा उष्णतेत जाते: सेल तापतो आणि व्होल्टेज काही मिलिव्होल्टांनी किंचित खाली येते. चांगला चार्जर ही घसरण आणि तापमानवाढ ओळखून थांबतो. स्वस्त चार्जरला हे काहीच कळत नाही. तो एकतर घड्याळ लावून थांबतो किंवा थांबतच नाही. म्हणून चार्जर निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: तो प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासतो का, आणि भरल्यावर आपोआप थांबतो का. जोडीनेच भरणारे चार्जर टाळावेत, कारण त्यात एक सेल अर्धवट राहतो आणि दुसरा नाहक तापत राहतो.

केवळ साधा चार्जर हाताशी असेल, तर गणित असे: पूर्ण रिकाम्या सेलला त्याच्या क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने सुमारे १४ ते १६ तास लागतात. २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला २०० मिलिअँपिअरने १० तास पुरायला हवेत, असे भागाकार सांगतो. पण आत गेलेली सगळी ऊर्जा साठत नाही, म्हणून वाढीव तास लागतात. भरताना सेल कोमट होणे स्वाभाविक आहे. हाताला धरवत नसेल इतका तापला, तर तो काढून बाजूला ठेवावा. पंधरा मिनिटांत भरून देणारे चार्जर सोयीचे असले, तरी त्या उष्णतेने सेलचे आयुष्य कमी होते.

लिथिअम-आयनचा स्वभाव निराळा आहे. त्याला ना पूर्ण रिकामे होणे आवडते ना शंभर टक्क्यांवर तापत पडून राहणे. दीर्घकाळ न वापरायचे उपकरण निम्मे भरून थंड जागी ठेवावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा भरू नये.

शिल्लक किती आहे ते पाहणे

मल्टिमीटर असेल तर तो डीसी व्होल्टवर ठेवून अल्कलाइन सेल मोजता येतो: नवा सेल १.६ च्या जवळ दाखवतो, १.३ च्या आसपासचा बराच वापरलेला असतो आणि १.२ च्या खालचा जवळजवळ संपलेला. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून सेलला कधीही लावू नये. ते थेट शॉर्टसर्किट होते. निकेल-मेटल हायड्राइडचे व्होल्टेज जवळपास सपाट राहत असल्याने त्याची शिल्लक अशी कळत नाही. क्षमता मोजणारा चार्जर असेल तरच ती समजते. अल्कलाइन सेल टेबलावर थोड्या उंचीवरून उभा सोडून तो उसळतो का ते पाहण्याची युक्तीही प्रचलित आहे. तिच्यामागे कारण आहे: ताज्या सेलमधले जेल धक्का शोषून घेते, तर वापरलेल्या सेलमध्ये झिंक ऑक्साइडमुळे गाभा कडक होतो. परंतु सेल निम्मा वापरला जाईपर्यंतच तो पुरेसा उसळू लागतो, त्यामुळे उसळणारा सेल संपलाच असे म्हणता येत नाही. सेल उन्हात तापवून थोडे काम काढण्याची सवयही अशीच: उष्णतेने अभिक्रिया जराशी वेग घेते, नवे रसायन काही येत नाही, आणि गळण्याची शक्यता तेवढी वाढते.

ठेवणे आणि गळल्यास स्वच्छ करणे

अल्कलाइन सेल खोलीच्या तापमानाला वर्षाला जेमतेम दोन-तीन टक्के उतरतात, त्यामुळे ते फ्रिजमध्ये ठेवून काही साधत नाही. बाहेर काढल्यावर साचणारा ओलावा मात्र नुकसान करतो. कोरडी, सावलीतली जागा पुरेशी आहे. सुटे सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर एकाच डब्यात ठेवू नयेत. विशेषतः नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोके शेजारी-शेजारी असतात आणि धातूचा एखादा तुकडाही आग लावायला पुरतो. महिनोन् महिने न वापरायच्या उपकरणातून सेल काढून ठेवावेत.

अल्कलाइन सेल गळल्यावर दिसणारी पांढरी पापडी म्हणजे बाहेर आलेल्या पोटॅशिअम हायड्रॉक्साइडचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन बनलेले पोटॅशिअम कार्बोनेट. ताजा पाझर त्वचेला आणि डोळ्यांना जाळतो, म्हणून हातमोजे घालावेत. सेल काढून कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पापडी पुसावी. आम्लाने अल्क उदासीन होते आणि थोडा फेस येतो. मग किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे होऊ द्यावे आणि पत्र्याच्या पट्ट्या काळवंडल्या असतील तर खोडरबराने घासाव्यात. जस्त-कार्बन सेलचा पाझर आम्लधर्मी असतो. त्याला व्हिनेगरऐवजी पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा लागतो. डोळ्यात काही गेले, तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

लहान मुले आणि चपटे सेल

या एका बाबतीत सावधगिरीचा अतिरेक होऊच शकत नाही. तीन व्होल्टचा चपटा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओलसर ऊतींमधून प्रवाह वाहू लागतो आणि ऋण बाजूला तीव्र अल्क तयार होऊन दोन तासांच्या आतही गंभीर भाजणूक होऊ शकते. सेल गळण्याची गरज नसते. उपकरणासाठी ‘संपलेला’ सेलही एवढे करू शकतो. मुलाला काही त्रास दिसत नसला, तरी शंका येताच थेट रुग्णालय गाठावे, उलटी करवू नये, आणि सेलचे वेष्टण किंवा तसाच दुसरा सेल सोबत न्यावा. ज्या वस्तूंत असे सेल आहेत त्यांचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे, आणि काढलेला सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळावा.

टाकून देताना

आजचे बहुतेक अल्कलाइन सेल पाऱ्याशिवाय बनतात. पूर्वी आतला वायू रोखण्यासाठी पारा वापरला जाई. निकेल-कॅडमिअममधले कॅडमिअम मात्र विषारी आहे, आणि लिथिअमचे सेल कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले तर पेट घेतात. म्हणून भरता येणारे सगळे सेल, लिथिअमचे सगळे सेल आणि बटण सेल घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावेत, आणि जस्त-कार्बन व अल्कलाइनसाठीही तशी सोय असेल तर तीच वापरावी. डब्यात साठवताना लिथिअम सेल, बटण सेल आणि नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, कारण कॅमेऱ्याने नाकारलेल्या सेलातही ठिणगीपुरता प्रवाह शिल्लक असतो. डबा प्लॅस्टिकचा किंवा पुठ्ठ्याचा असावा, धातूचा नसावा, आणि तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा.